कार्बोनिक आम्ल : पावसात, बाटलीत आणि स्लॅबमध्ये

२७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. मुंबईकरांच्या मनात ९४४ हा आकडा बंद पडलेल्या लोकलशी, छातीएवढ्या पाण्याशी आणि रात्रभराच्या पायपिटीशी जोडला गेला आहे. आपण त्याच्याकडे जरा वेगळ्या अंगाने पाहू. ९४४ मिलिमीटर म्हणजे जमिनीच्या दर चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी. ढगातून खाली येताना पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं. त्या दिवशी चौरस मीटरभर जागेवर कोसळलेल्या सगळ्या पाण्यात मिळून हा वायू भरेल अर्ध्या ग्रॅमच्या थोडा वर. ही चिमूटभर मात्रा त्या प्रचंड पाण्याला किंचित आंबट करायला पुरते, कारण पाण्यात शिरलेल्या वायूचा छोटा हिस्सा पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल होतो.

आम्ल म्हटलं की आपल्याला कपडा जाळणारं, धूर सोडणारं काहीतरी आठवतं. कार्बोनिक आम्ल तसं नाही. ते आपण पितो, आपल्या रक्तात ते सतत तयार होतं आणि मोडतं, आणि पावसाळ्यात ते आपल्या डोक्यावर पडतं. तरीही डोंगर झिजवणं आणि इमारतीतलं लोखंड गंजण्याच्या वाटेला लावणं ही त्याचीच कामं आहेत. त्याचं बळ तीव्रतेत नसून पुरवठ्यात आहे. वापरून संपलं की हवेतून नवं येतं, आणि हवा कुठे संपत नाही. या आम्लाशी वागताना कशाची काळजी घ्यायची हे त्यामुळे जरा वेगळ्या रीतीने समजून घ्यावं लागतं.

मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत सल्फ्युरिक मिळेल, हायड्रोक्लोरिक मिळेल, कार्बोनिक आम्लाची बाटली मात्र कुणी देणार नाही. ते साठवून ठेवताच येत नाही. साध्या तापमानाला पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या साधारण सहाशे रेणूंमागे एखादाच रेणू खऱ्या अर्थाने कार्बोनिक आम्लाच्या रूपात असतो, आणि तोही लगेच मोडून पुन्हा वायू आणि पाणी होतो. त्याच वेळी दुसरीकडे नवा रेणू जुळलेला असतो. पाणी आटवून आम्ल वेगळं काढायला जावं तर हाती फक्त उडून जाणारा वायू लागतो. त्याला मोडायला मदत करतं ते पाणीच. पाण्याचा अंशही नसेल आणि थंडी कडाक्याची असेल तर हाच रेणू दीर्घकाळ टिकतो. २०२३ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या एका रेणूमेघात कार्बोनिक आम्ल सापडलं. पृथ्वीवर क्षणभर टिकणारा रेणू तिथे, ताऱ्यांमधल्या थंड पोकळीत, सुखाने नांदतो आहे.

एक इशारा इथेच द्यायला हवा. जुन्या काळी दवाखान्यात जंतुनाशक म्हणून वापरलं जाणारं कार्बोलिक आम्ल म्हणजे फिनॉल. ते जहाल विष आहे, त्वचा जाळतं. नावात एका अक्षराचा फरक असला तरी कार्बोनिक आम्लाशी त्याचं काही नातं नाही.

कार्बोनिक आम्लाचं वागणं समजायला दोन आकडे पुरतात : ६.३५ आणि १०.३३. आम्लता मोजायच्या पीएच पट्टीवर ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्क. पाण्याचा पीएच ६.३५ च्या खाली असेल तर हा पदार्थ मुख्यतः विरघळलेला वायू आणि आम्ल या रूपात राहतो. ६.३५ आणि १०.३३ च्या दरम्यान त्याचा बायकार्बोनेट होतो. त्याही वर गेलं की कार्बोनेट. हवेशी समतोल साधलेलं शुद्ध पाणी ५.६ च्या आसपास असतं, सोडावॉटर ४ च्या आगेमागे. या दोन्हींत वायूचं राज्य. आपलं रक्त ७.४ आणि समुद्र ८.१, म्हणजे बायकार्बोनेटचं राज्य. आणि ताज्या काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत साचलेलं पाणी १२.५ च्या वर. तिथे पोचलेल्या कार्बन डायऑक्साइडचं थेट कार्बोनेट होतं. पुढे येणारी प्रत्येक गोष्ट या पट्टीवर कुठे ना कुठे बसते.

सांताक्रूझला दर पावसाळ्यात २,२०० ते २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. प्रत्यक्षात त्याचा पीएच नेमका ५.६ असेलच असं नाही. हवेतल्या चुनखडीयुक्त धुळीने तो वर सरकतो, गाड्या आणि कारखान्यांतल्या गंधकाच्या धुराने खाली येतो. पण या आम्लाची खरी ताकद वाढते ती पाणी मातीत मुरल्यावर. मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या दहा ते शंभर पट असतो. तिथून झिरपणारं पाणी चांगलंच आम्ल होऊन खालच्या दगडाला भिडतं. महाराष्ट्रात तो दगड बहुधा काळा बेसाल्ट. बेसाल्टमधला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हे आम्ल हळूहळू सोडवून घेतं आणि स्वतः बायकार्बोनेट होऊन नदीबरोबर समुद्राकडे निघतं. लाखो वर्षांच्या हिशेबात हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेणारी ही पृथ्वीची एक मोठी व्यवस्था आहे, आणि दख्खनच्या पठारासारखे बेसाल्टचे प्रदेश त्यात आपल्या क्षेत्रफळापेक्षा कितीतरी मोठा वाटा उचलतात. नदीला समुद्राची वाटच नसेल तर काय होतं ते बुलढाणा जिल्ह्यात लोणारला दिसतं. उल्का आदळून झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरातून पाणी बाहेर जात नाही. बेसाल्टमधून आलेले क्षार वाहून आत येतात, पाणी उन्हाने उडतं, सोडा मागे राहतो. लोणारच्या सरोवराचा पीएच १० च्या घरात आहे. आम्लाने सुरू झालेली गोष्ट तिथे अल्काच्या सरोवरात संपते.

आता बाटलीकडे वळू. इंग्लंडमध्ये लीड्स इथे १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली दारूच्या भट्टीशेजारी राहत होता. आंबवणाच्या पिंपांवर साचणारा वायू त्याने पाण्यात मिसळला आणि चुरचुरणारं पाणी तयार केलं. १७८३ मध्ये जिनिव्हात याकोब श्वेपने त्याचा धंदा केला. मागणी निघाली ती मुख्यतः औषध म्हणून, कारण निसर्गात उफाळणारे बुडबुड्यांचे झरे गुणकारी मानले जात. मुंबईत सोडावॉटरचा संसार वाढवला तो पारशी कुटुंबांनी. पालनजींच्या रासबेरीच्या बाटलीवर १८६५ साल असतं. दिनशाजी पांडोळे यांनी १८८९ मध्ये ड्यूक्स सुरू केलं. ते क्रिकेटपटू होते, पारशी संघाबरोबर इंग्लंडला जाऊन आले होते, आणि कंपनीचं नाव त्यांनी तिथल्या क्रिकेटच्या चेंडूवरून घेतलं. सांताक्रूझहून हायवेने उत्तरेला निघालं की अंधेरी पूर्वेला पार्लेचा कारखाना होता. १९७७ मध्ये कोका-कोलाने देश सोडल्यावर पार्लेने थम्स अप आणलं आणि १९९३ मध्ये आपली पेयं त्याच कोका-कोलाला विकली. या उपनगरांत वाढलेल्या दोन पिढ्यांना कार्बोनिक आम्लाची पहिली ओळख गोल्ड स्पॉटच्या घोटातून झाली.

बाटलीमागचं शास्त्र विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडलं : पाण्यावर वायूचा दाब जितका, तितक्या प्रमाणात वायू विरघळतो. पावसाच्या पाण्याला हवेतला जो वायू मिळतो त्याच्या सुमारे दहा हजार पट वायू सोड्याच्या पाण्यात दाबून बसवलेला असतो. लिटरमागे सात-आठ ग्रॅम म्हणा. थंड पाणी वायू जास्त धरतं, म्हणून सोडा नेहमी थंड करून भरतात. चांगली चढवलेली बाटली फ्रिजमध्ये ५ अंशांना असेल तर आतला दाब साधारण ३ वातावरणांइतका असतो. तीच बाटली उन्हात ३५ अंशांना गेली की दाब ७ वातावरणांजवळ पोचतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हा दुपटीहून अधिक.

हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या गोटीच्या बाटलीत हाच दाब पहारेकरी होतो. बाटली उलटी धरून भरायची, सरळ केली की वायू काचेची गोटी रबराच्या कड्यावर आतून दाबून धरतो. बूच नको, तार नको. आतला दाबच आपलं दार लावून घेतो, ही कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. पण काच ती काच. भरताना बाटली फुटून डोळे आणि हात जायचे, म्हणून सोड्याच्या कारखान्यांत कामगारांना तोंडावर जाळीचा मुखवटा आणि हातात जाड मोजे घालावे लागत. मुंबईच्या दंगलींच्या बातम्यांत सोडावॉटरच्या बाटल्या वारंवार येतात त्याचं कारणही आतला हा दाबच.

घरातही नियम तेच आहेत. काचेची सोड्याची बाटली फ्रीझरमध्ये विसरायची नाही. पाणी गोठताना फुगतं, आणि बर्फात वायू मावत नसल्याने तो उरलेल्या पाण्यात आणि वरच्या पोकळीत दाटतो. बंद मोटारीत, खिडकीच्या उन्हात बाटली ठेवायची नाही. चरा पडलेली, पुन्हा पुन्हा भरलेली काचेची बाटली टाकून द्यायची, आणि उघडताना तोंड कुणाच्याही चेहऱ्याकडे करायचं नाही. पिण्याच्या दृष्टीने साधा सोडा निरुपद्रवी आहे. दातांचं नुकसान गोड शीतपेयं करतात, आणि त्यात साखरेबरोबर फॉस्फरिक किंवा सायट्रिक आम्लाचा हात मोठा असतो. पित्ताचा किंवा पोट फुगण्याचा त्रास असणाऱ्याने सोडा बेताने घ्यावा, एवढंच.

सोडा पिताना जिभेला होणारी चुरचुर बुडबुडे फुटल्यामुळे होते असं बहुतेकांना वाटतं. ती मुख्यतः आम्लाची आहे. जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचं विकर असतं. ते विरघळलेल्या वायूचं झटक्यात आम्ल करतं आणि पेशी ते आम्ल ओळखतात. जयराम चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे दाखवलं. हिमालयात उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स घेणाऱ्या ट्रेकरना शीतपेय अचानक बेचव लागतं, कारण ते औषध नेमकं याच विकराला थोपवतं. हेच विकर तांबड्या रक्तपेशींतही आहे आणि तिथे त्याचं काम जीव तगवण्याचं. शरीरात तयार होणारा बहुतेक कार्बन डायऑक्साइड कार्बोनिक आम्लाच्या मार्गाने बायकार्बोनेट होऊन रक्तातून फुप्फुसापर्यंत जातो आणि तिथे पुन्हा वायू होऊन उच्छ्वासातून बाहेर पडतो. विकराचा एक रेणू सेकंदाला लाखो रेणूंचं असं रूपांतर करतो. रक्तात एका भाग वायूमागे वीस भाग बायकार्बोनेट राखलं जातं म्हणून रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या अरुंद पट्टीत टिकतो. श्वास रोखून धरला की काही वेळाने जी असह्य तगमग होते ती प्राणवायू संपल्याची नव्हे, या आम्लाच्या वाढीची सूचना असते.

त्या तगमगीतच सगळ्या सावधगिरीचं मर्म आहे. पाण्यात विरघळलेलं कार्बोनिक आम्ल कुणाला मारत नाही. पाण्याबाहेर पडून बंद जागेत साचलेला त्याचा वायू मात्र मारतो. हा वायू हवेच्या दीडपट जड, रंगहीन आणि जवळजवळ वासहीन आहे. मोकळ्या हवेत तो हजार भागांत अर्ध्या भागाहूनही कमी असतो. आठ तासांच्या कामाच्या जागी ०.५ टक्के ही मर्यादा मानली जाते. ४ टक्क्यांना जिवाला तातडीचा धोका समजतात, आणि १० टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. लक्षात घ्या, १० टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेतही प्राणवायू १९ टक्क्यांच्या जवळपास असतो. गुदमरण्याशिवाय या वायूचं स्वतःचं विषारीपण आहे.

विहिरीत उतरण्याआधी कंदील किंवा दिवा सोडून पाहायची आपल्याकडची रीत जुनी आहे. दिवा विझला तर उतरू नये, हे खरंच. पण दिवा जळत राहिला म्हणून उतरावं हे चूक, कारण माणूस कोसळेल इतक्या वायूतही ज्योत तग धरू शकते. एप्रिल २०२४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात वाकडी गावी शेणाच्या गॅससाठी वापरात आणलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा, असं करत पाच जणांचा जीव गेला. अशा खड्ड्यांत कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड एकत्र साठतात. आत कुणी कोसळलेलं दिसलं तर आपण उतरायचं नाही. वरून दोर, वरून हवा, आणि श्वसनयंत्र लावलेला अग्निशमन दलाचा माणूस. ही शिकवण मनाला फार जड आहे, पण तिच्याशिवाय एका मृत्यूचे पाच होतात. निसर्गात याचं सगळ्यात भयंकर रूप कॅमेरूनमध्ये दिसलं. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री न्योस सरोवराच्या तळाशी दाबाखाली विरघळून बसलेला कार्बन डायऑक्साइड एकाएकी उसळून बाहेर आला, दरीतून खाली वाहत गेला आणि सतराशेहून अधिक माणसं झोपेतच गेली.

सांताक्रूझला हा वायू घनरूपातही येतो. जुहूच्या धावपट्टीवरून दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी विमानवाहतूक इथे हलली, आणि देशांतर्गत टर्मिनलला लोक अजूनही सांताक्रूझ विमानतळच म्हणतात. औषधं, रक्ताचे नमुने, गोठवलेले मासे विमानाने जातात तेव्हा खोक्यात अनेकदा कोरडा बर्फ असतो. उणे ७८.५ अंशांचा हा घन कार्बन डायऑक्साइड वितळत नाही, थेट वायू होतो. एक किलोचा वायू होतो सुमारे ५४० लिटर. म्हणून विमानवाहतुकीत तो नवव्या वर्गातला धोकादायक माल धरला जातो, खोक्याला वायू बाहेर जायला वाट ठेवावी लागते, आणि प्रवाशाला विमान कंपनीच्या परवानगीने अडीच किलोपर्यंतच नेता येतो. विमानात जी काळजी घेतली जाते ती टॅक्सीत कुणी घेत नाही, आणि धोका तिथेच जास्त. लहान मोटारीच्या आत साधारण तीन हजार लिटर हवा मावते. काचा बंद आणि आतलीच हवा फिरवणारा एसी चालू असेल, तर जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम कोरड्या बर्फाचा वायू तिथे ४ टक्क्यांची मर्यादा गाठायला पुरेसा आहे. खोका डिकीत असला तरी काचा खाली हव्यात. कोरडा बर्फ बरणीत, थर्मासमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही ठेवू नये, डबा फुटतो. उघड्या हाताने धरू नये, भाजल्यासारखे फोड येतात. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीच्या पायाशी जो पांढरा धूर सोडतात तो बहुधा याचाच. तो जमिनीलगत राहतो, म्हणजे नेमका लहान मुलांच्या उंचीला. त्याचा खडा चुकूनही पोटात जाता कामा नये. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात मुखशुद्धी म्हणून कोरडा बर्फ दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या होऊन इस्पितळात न्यावं लागलं.

सोडा मशीनचं किंवा बारमधलं सिलिंडर हा याच वायूचा तिसरा अवतार. त्यात वायू द्रवरूपात असतो. २० अंशांना दाब ५७ बार. ३१.१ अंश हे कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान. त्याच्यावर द्रव आणि वायू असा भेदच राहत नाही आणि काठोकाठ भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब भराभर चढतो. मे महिन्यात सांताक्रूझची दुपार ३३ अंशांच्या आसपास असते, म्हणजे सावलीतसुद्धा ती मर्यादा ओलांडलेली. यासाठीच सिलिंडर कधी गच्च भरत नाहीत, वजनाने मोजून ठरावीक मात्रा भरतात, आणि त्याच्या झडपेला ठरावीक दाबाला फुटणारी सुरक्षा चकती असते. परवानाधारक केंद्राबाहेर भरून घेतलेलं सिलिंडर या दोन्ही गोष्टींची हमी देत नाही. आपल्या देशात हे सगळं २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतं, आणि ते राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपूरला आहे. सिलिंडर उभं, साखळीने बांधलेलं असावं, तळघरात नसावं. असावंच लागलं तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र लावावं, आणि तेही जमिनीपासून फूटभर उंचीवर. इमारतीच्या मीटररूममध्ये काळं भोंग्यासारखं तोंड असलेलं अग्निशामक असतं, तेही याच वायूचं. विजेच्या आगीला ते उत्तम. मात्र वापरताना भोंग्याला हात लावायचा नाही, तो गोठवून टाकतो, आणि आग विझताच त्या कोंदट खोलीतून बाहेर पडायचं.

आता या उपनगरांतल्या लोकांशी ज्याचा सगळ्यात जवळचा संबंध आहे त्या गोष्टीकडे येतो. १९६० ते १९९० च्या दरम्यान सांताक्रूझ पूर्व-पश्चिमेला आरसीसीच्या इमारती भराभर उभ्या राहिल्या. लोखंडाच्या सळया काँक्रीटमध्ये गंजत नाहीत, कारण सिमेंटमुळे आतलं वातावरण प्रखर अल्कधर्मी असतं आणि त्यात सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर बसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या छिद्रांतून आत शिरतो, तिथल्या ओलाव्यात आम्ल होतो आणि सिमेंटमधल्या चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट करत जातो. याला कार्बोनेशन म्हणतात. जुन्या चुन्याच्या बांधकामाला याच क्रियेने बळकटी मिळते. वसईच्या किल्ल्यातला चुना हवेतला वायू घेऊनच दगड झाला. काँक्रीटलाही त्याने इजा होत नाही, उलट ते किंचित कठीण होतं. संकट सळईवर येतं. कार्बोनेट झालेल्या भागाचा पीएच ९ च्या खाली उतरतो, सळईचा संरक्षक थर विरतो, आणि पाणी व प्राणवायू मिळाले की गंज सुरू होतो. गंज लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. आतून फुगून तो काँक्रीटचे पोपडे काढतो.

कार्बोनेशनची ही आघाडी वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने आत सरकते. एखाद्या स्लॅबमध्ये चार वर्षांत १० मिलिमीटर आत गेली असेल, तर २० मिलिमीटरला सोळा वर्षं लागतील आणि ३० मिलिमीटरला छत्तीस. सळईवरच्या काँक्रीटची जाडी, जिला साइटवर सगळे कव्हर म्हणतात, ती अर्ध्याने कमी केली तर आयुष्य चौथ्या हिश्शावर येतं. १९७८ च्या भारतीय मानकात स्लॅबला किमान १५ मिलिमीटर कव्हर होतं. २००० च्या मानकाने सौम्य हवामानालाही २० आणि तीव्र हवामानाला ४५ मिलिमीटर केलं. प्रत्यक्ष कामात कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सळईखाली सरकवले असतील तर कागदावरचे १५ मिलिमीटरही मिळालेले नसतात.

मुंबईच्या हवेत आणखी एक गुंता आहे. काँक्रीट पूर्ण भिजलेलं असेल तर वायू आत शिरत नाही, पूर्ण कोरडं असेल तर आम्ल बनायला पाणी नाही. मध्यम ओलाव्यात ही क्रिया सर्वांत वेगाने चालते. म्हणून पावसात भिजणाऱ्या बाहेरच्या भिंतीपेक्षा घरातल्या, माणसांच्या उच्छ्वासाने भरलेल्या कोरड्या छतात कार्बोनेशन पुष्कळदा जास्त खोल गेलेलं असतं. तिथे ते वर्षानुवर्षं गप्प असतं, कारण गंजायला पाणी नसतं. मग वरच्या मजल्याच्या न्हाणीघराची गळती सुरू होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत सळया उघड्या पडतात. रहिवासी गळतीला दोष देतात, आणि तो खराच आहे, पण जमीन त्याआधीच तयार झालेली होती. समुद्र जवळ असल्याने क्लोराइडही असतंच. सिमेंटने धरून ठेवलेलं क्लोराइड कार्बोनेशनमुळे मोकळं होतं आणि दोन्ही मिळून सळईवर तुटून पडतात.

हे ओळखण्याची चाचणी शाळेतल्या प्रयोगासारखी सोपी आहे. काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर अल्कोहोलमधलं फिनॉल्फ्थेलीन फवारायचं. जिथे गडद गुलाबी होईल तिथे अल्क शाबूत आहे. रंगहीन राहिलेली पट्टी म्हणजे कार्बोनिक आम्ल जिथवर पोचलं तो भाग. तिची खोली मोजायची आणि सळईवरच्या कव्हरशी ताडून पाहायची. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ती व्हायला हवी. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ऑडिटचा अहवाल हातात आला की सोसायटीच्या सभासदांनी त्यात कार्बोनेशनची खोली आणि कव्हरची जाडी हे दोन आकडे शेजारी शेजारी आहेत का ते पाहावं. हातोडीने ठोकून आवाज ऐकला, फोटो काढले, तडे मोजले, एवढ्यावर समाधान मानू नये.

दुरुस्तीतही क्रम महत्त्वाचा. आधी गळती थांबवायची. मग सैल काँक्रीट सळईच्या मागच्या बाजूपर्यंत फोडून काढायचं, सळई घासून उजळ करायची, जी फार झिजली असेल तिला जोड द्यायची, गंजरोधक लेप, पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट, आणि सगळ्यात शेवटी वायू अडवणारा रंग. पोपडे पाडून वरून सिमेंटचा गिलावा आणि डिस्टेंपर मारला की दोन वर्षं बरी जातात आणि आतली झीज नजरेआड होते. आणि जिथे नवं काँक्रीट पडतं, मग ते दुरुस्तीचं असो की पुनर्विकासाच्या टॉवरचं, तिथे या आम्लाला रोखणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे पाणी मारणं. भिजत राहिलेल्या सिमेंटची छिद्रं बुजत जातात आणि वायूची वाट अरुंद होते. मानक किमान सात दिवस सांगतं, मिश्र सिमेंट असेल तर किमान दहा. ओलं गोणपाट स्लॅबवर तिसऱ्या दिवशीही अंथरलेलं आहे का, हे सोसायटीच्या कुणीही गच्चीवर जाऊन बघावं. त्याला इंजिनिअर लागत नाही.